बाळ रात्री खोकतंय? आवाज नंतर ऐका, आधी झबलं वर करून छाती बघा

दिवसभर पोरगं ठणठणीत. रांगतंय, ताटल्या आपटतंय, भाताची शितं घरभर करतंय. आणि रात्री पाठ टेकली की अर्ध्या तासात ढास सुरू. आमच्याकडं थोरल्याच्या वेळी हेच, धाकटीच्या वेळी पण हेच, आणि दोन्ही वेळा रात्री अडीचचा सीन सेम टू सेम, मी बाळाला खांद्यावर टाकून हॉलमध्ये येरझाऱ्या घालतीय, हे मोबाईलवर गुगल करत बसलेत आणि आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई मधाची बाटली घेऊन दारात उभ्या, "आण इकडं, मी चाटवतो जरा, लगीच थांबतंय बघ." आमच्या कोल्हापुरात जुन्या बायका 'मी चाटवतो, मी आलो' असंच बोलतात, बाहेरच्यांना गंमत वाटते.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. दोन पोरं, आमच्या बालरोगतज्ज्ञांची बोलणी आणि माझ्या हातून झालेल्या दोन-तीन चुका, एवढंच भांडवल. पण एक गोष्ट पक्की कळली. थोरला घर दणाणून खोकायचा आणि त्याला काही म्हणजे काही झालेलं नसायचं. धाकटी पाच महिन्यांची असताना बारीक बारीक खोकत होती, शेजारच्या खोलीत पण ऐकू जात नव्हतं, आणि तिला ॲडमिट करावं लागलं. तेव्हापासून मी खोकल्याच्या आवाजावर भरवसा ठेवत नाही.

रात्रीच का येतो

बाळाला नाक शिंकरता येत नाही, थुंकता येत नाही. दिवसा ते उभं-आडवं होत असतं, कडेवर असतं, त्यामुळं नाकातलं पाणी पुढनं गळतं नाहीतर गिळलं जातं. आडवं झालं की तेच पाणी मागनं घशात उतरतं आणि तिथं गुदगुली होते. लहान बाळांच्या बऱ्याच रात्रीच्या खोकल्यामागं एवढंच असतं, छातीत काही नसतं, नाक गळतंय मागच्या बाजूनं. त्यात पहिले काही महिने बाळं जास्त करून नाकानंच श्वास घेतात, तोंडानं घ्यायचं त्यांना पटकन जमत नाही, मग नाक चोंदलं की दूध ओढता येत नाही, झोप लागत नाही, चिडचिड. शिवाय पहाटे हवा गार होते, आणि अंगातली सूज आवरणारं जे नैसर्गिक हार्मोन असतं ते मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी असतं, म्हणून दम्याचा किंवा घशाच्या सुजेचा खोकला पण नेमका तेव्हाच डोकं वर काढतो.

आणि खोकला हा काही शत्रू नाही. तो झाडू आहे. आतला कचरा बाहेर काढतोय. झाडणाऱ्याचे हात बांधून घर स्वच्छ होत नाही, हे आमच्या डॉक्टरांचं वाक्य आणि ते त्यांनी मला जरा रागातच ऐकवलेलं, का ते पुढं सांगते.

आधी नाक

रात्री खोकला सुरू झाला की माझा पहिला हात सलाईन ड्रॉप्सवर जातो. मेडिकलमध्ये ०.६५ टक्के सोडियम क्लोराईडचे नाकाचे थेंब मिळतात, साधं मिठाचं पाणीच ते, पण निर्जंतुक आणि मोजून केलेलं. घरी मीठ कालवून करू नका, प्रमाण चुकतं आणि पाणी कुठलं वापरलं तो वेगळाच प्रश्न.

एक मात्र डोळे उघडे ठेवून करा, बाटलीवरचं नाव वाचा. मोठ्यांचे नाक मोकळं करायचे थेंब असतात, त्यावर झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीन असं लिहिलेलं असतं, बाटली दिसायला जवळपास तशीच, कधी कधी तर कंपनी पण तीच. ते बाळाच्या नाकात डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अजिबात घालायचे नाहीत. आमच्या फ्रीजच्या दारात ह्यांची आणि धाकटीची बाटली शेजारी शेजारी होती, एका रात्री लाईट गेलेली आणि मी अंधारात चुकीची उचलली, टोपण काढताना हाताला वेगळं लागलं म्हणून वाचलो. त्या दिवसापासून बाळाच्या बाटलीला लाल रबर गुंडाळलेलं असतं.

घालायचं कसं, तर बाळाला मांडीवर आडवं घ्या, मान किंचित मागं, प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब. बाटलीचं तोंड नाकात खुपसायचं नाही, वरनं सोडायचं. बाळ ओरडणार, शिंकणार, शिंकलं तर उत्तमच. मिनिटभर थांबा, मग उभं धरा, जे बाहेर येईल ते मऊ सुती कापडानं टिपून घ्या. अजून घुरघुर असेल तर रबरी पंप वापरायचा, पण पंप आधी बाहेर दाबायचा, दाबलेलाच नाकपुडीच्या तोंडाशी लावायचा आणि मग हळूच सोडायचा. आम्ही पहिल्यांदा नाकात लावून दाबला होता, म्हणजे सगळा शेंबूड उलटा आत. दिवसातनं तीन-चार वेळाच ओढायचं, सारखं ओढलं तर नाक आतनं सुजतं. दूध पाजायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं आणि झोपवायच्या आधी, ह्या दोन वेळा चुकवू नका, कारण पोट भरल्यावर थेंब घातले तर सगळं दूध तुमच्या अंगावर येतंय.

नुसतं एवढं केलं तरी थोरल्याच्या बऱ्याचशा रात्री निघून गेल्या.

आता छाती

नाक झालं की लाईट लावा, झबलं वर करा आणि मोबाईलवर एक मिनिटाचा टायमर लावा. बाळ शांत पाहिजे, झोपलेलं असेल तर सोन्याहून पिवळं. रडताना नाहीतर दूध पिताना मोजायचं नाही. पोट वर आलं आणि खाली गेलं की एक. पूर्ण ६० सेकंद मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण बाळांचा श्वास एका लयीत नसतो, भरभर घेतात, मग जरा थांबतात, परत घेतात.

हे आकडे आमच्या फ्रीजवर चिकटवलेले आहेत. २ महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, २ महिने पूर्ण ते १ वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, १ वर्ष ते ५ वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद चाललाय. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आहेत हे, आपल्याकडच्या आशाताई पण हेच वापरतात. आकडा जास्त आला तर दोन मिनिटांनी परत मोजा, ताप असेल तरी श्वास वाढतो. दोन्ही वेळा जास्त आला तर डॉक्टर, त्यात आणखी विचार नाही.

मोजता मोजता अजून तीन गोष्टी दिसतात. एक, छाती जिथं संपते आणि पोट सुरू होतं, त्या शेवटच्या बरगडीखाली श्वास आत घेताना खड्डा पडतोय का. आपल्याकडं ह्याला 'पोट उडतंय' म्हणतात, पण नुसतं पोट हलणं नॉर्मल आहे, बाळं पोटानंच श्वास घेतात, खड्डा बघायचा. दोन, नाकपुड्या फुलतायत का. तीन, प्रत्येक श्वास सोडताना कण्हल्यासारखा बारीक आवाज येतोय का.

धाकटीचं असंच कळलं. जानेवारी महिना, तीन दिवस सर्दी, चौथ्या रात्री तिनं दूध अर्ध्यात सोडलं. खोकला अगदीच किरकोळ. आत्ती म्हणाल्या झोपू दे, सकाळी बघू. मी सहज झबलं वर केलं तर बरगड्यांखाली वाटी ठेवल्यासारखा खड्डा, मोजले तर ६४. परत मोजले, ६२. ह्यांनी ॲक्टिव्हा काढली, मी शाल गुंडाळली आणि पंधरा मिनिटांत हॉस्पिटलच्या दारात. ब्रॉन्किओलायटिस निघाला, म्हणजे फुप्फुसातल्या अगदी बारीक नळ्यांना सूज, दोन वर्षांच्या आतल्या मुलांना होतो, बहुतेक वेळा आरएसव्ही नावाच्या व्हायरसमुळं. सर्दीनं सुरू होतो आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसात सगळ्यात जास्त चढतो, म्हणून पहिल्या दिवशी बाळ बरं दिसलं तरी चौथ्या रात्री परत मोजायचंच. तीन दिवस ऑक्सिजन लागला. अँटिबायोटिक दिलं नाही, व्हायरसवर त्याचा काही उपयोग नसतो, मला तेव्हा वाटलेलं की काहीच कसं देत नाहीत.

आवाजावरनं काय कळतं

भरवसा नाही म्हटलं तरी काही आवाज ओळखता यायला पाहिजेत. मोबाईलवर खोकल्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, सकाळी दवाखान्यात बाळ हमखास हसत बसतं आणि डॉक्टरांपुढं आपणच खोटे पडतो. व्हिडिओत उघडी छाती पण आली पाहिजे.

कुत्र्याचं पिल्लू भुंकावं तसा कोरडा, घोगरा खोकला, तो पण मध्यरात्री अचानक, संध्याकाळी फक्त थोडी सर्दी होती, असं असेल तर बहुतेक क्रूप. ६ महिने ते ३ वर्षं ह्या वयात जास्त होतो, स्वरयंत्राच्या आसपास सूज येते. ऐकायला भयंकर वाटतं. बाळाला रडू द्यायचं नाही, रडलं की नळी अजून आवळते, म्हणून तोंडात चमचे घालायचे नाहीत, घसा बघायचा नाही, कडेवर उभं धरून शांत करायचं. चादरीत गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं गॅलरीत गार हवेत उभं राहिलं तर बऱ्याच मुलांना आराम पडतो. आत्तींना हे पटवायला मला महाभारत करावं लागलं, 'खोकणाऱ्या लेकराला गारठ्यात?' पण सूज आलीय, गार हवा बरी वाटते. मात्र बाळ शांत असतानाही श्वास आत घेताना घुर्र असा आवाज येत असेल, लाळ गळत असेल, गिळता येत नसेल तर गॅलरी सोडा आणि हॉस्पिटल गाठा. तिथं डेक्सामेथासोनचा एक डोस देतात, काही तासांत फरक दिसतो.

डांग्या खोकला वेगळा. एकामागनं एक ढास, मध्ये श्वास घ्यायला सवड नाही, तोंड लालबुंद, शेवटी हुप्प करून श्वास आत ओढला जातो नाहीतर उलटी होते. अगदी तान्ह्या बाळात तो हुप्प ऐकूच येत नाही, बाळ नुसतं निळं पडतं किंवा श्वास थांबतो, म्हणून तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ढासेचा खोकला घरी बघत बसायचा नाही.

दूध पिऊन आडवं केलं की खोकला, सोबत गुळणी, पाठ कमानीसारखी ताणणं, ताप-सर्दी काही नाही, तर दूध वर येत असेल. पाजल्यावर वीस-तीस मिनिटं उभं धरून ढेकर काढा. वजन वाढत नसेल तर दाखवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सर्दी नाही, ताप नाही, बाळ खेळत होतं आणि अचानक जोरात ठसका लागला, मग खोकला थांबला पण रात्री परत सुरू झाला, एका बाजूनं शिट्टी वाजतीय, तर काहीतरी अडकलंय असं समजा. आपल्याकडं घराघरात भडंग. थोरलं पोर वाटी घेऊन बसतं आणि प्रेमानं एक शेंगदाणा बाळाच्या तोंडात. शेंगदाणा श्वासनळीत गेला की फुगतो आणि एक्स-रेत दिसेलच असं नाही, म्हणून डॉक्टरांना 'शेंगदाणे खात होतं' हे आपण तोंडानं सांगायचं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चणे पाच वर्षांपर्यंत द्यायचे नाहीत. जागच्या जागी घुसमटलं, आवाजच बंद झाला, तर १ वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून दोन खांद्यांच्या मधोमध तळहातानं ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी ५ दाब, परत तेच, आणि दुसऱ्यानं तोवर १०८ लावायचा. वस्तू डोळ्यांना दिसत नसेल तर घशात बोट घालायचं नाही, आत सरकते.

सिरपची बाटली

आता ती बोलणी. थोरला दहा महिन्यांचा होता. आठ रात्री झोप नाही. मी घराजवळच्या एका मेडिकलमध्ये गेले, 'बाळाला खोकला आहे, काहीतरी द्या', त्यानं गुलाबी सिरप दिलं, अडीच एमएल द्या म्हणाला, वय विचारलं नाही, वजन नाही. त्या रात्री बाळ झोपलं आणि मी पण देवाचे आभार मानून झोपले. सकाळी नऊ वाजले तरी उठेना, उठवलं तर मान लुळी, दूध घेईना. डॉक्टरांनी सिरपचं नाव ऐकून मला जे झापलंय! बाळ दुपारपर्यंत ठीक झालं, नशीब.

खोकला बरा झाला नव्हता हो, पोरगं गुंगीत होतं. आणि गुंगीत खोकता येत नाही म्हणून कफ तिथंच बसतो. सर्दी-खोकल्याच्या अशा सिरपमध्ये नेहमी असणारी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन ही जोडी ४ वर्षांच्या आतल्या मुलांना देऊ नये असं औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलंय, बाटलीवर तशी सूचना छापायला लावली. मग २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडं काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंच, खोकल्याच्या सिरपमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल नावाचं विष निघालं, किडन्या बंद पडून २० हून जास्त मुलं गेली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयानं परत बजावलं की २ वर्षांच्या आतल्या मुलांना खोकल्याचं सिरप लिहून द्यायचं नाही आणि ५ वर्षांच्या आत पण शक्यतो नाही. मागच्या वर्षीची उरलेली, शेजारणीच्या मुलाला लागू पडलेली, ह्या बाटल्या आज टाकून द्या.

तापाचं औषध ही वेगळी गोष्ट, पण त्यात पण एक मेख आहे. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स असतात त्यात १ एमएलला १०० मिलिग्रॅम असतं, आणि सिरप असतं त्यात ५ एमएलला १२० किंवा १२५. साधारण हिशोब किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे ८ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम, म्हणजे ड्रॉप्स १.२ एमएल. तेच कुणी सिरप समजून ड्रॉप्सचे ५ एमएल पाजले तर ५०० मिलिग्रॅम गेलं, चौपट. डॉक्टरांकडनं बाटलीचं नाव आणि एमएल दोन्ही लिहून घ्या. दोन डोसांत निदान ४ ते ६ तासांचं अंतर, आणि ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला १०० पॉइंट ४ ताप आला तर औषध देऊन वाट बघायची नाही, सरळ दाखवायचं.

आजीचा बटवा

ह्यावर घरात भांडणं होतात म्हणून जरा सविस्तर.

मध. १ वर्षाच्या आत थेंबभर पण नाही. बोटाला लावून नाही, सोन्याच्या अंगठीला लावून नाही, घुटी मधात उगाळून पण नाही. मधात कधी कधी एका जंतूचे बीजाणू असतात, मोठ्यांच्या पोटात ते रुजत नाहीत, तसेच बाहेर पडतात, बाळाच्या आतड्यात मात्र रुजतात आणि विष तयार करतात, बोट्युलिझम म्हणतात, स्नायू लुळे पडतात, श्वासाचे पण. चांगला मध, डोंगरातला मध, राधानगरीच्या रानातला मध, कुठलाही असो. पण वाढदिवस झाला की हाच मध रात्रीच्या खोकल्यावर खरंच चालतो, झोपायच्या आधी अर्धा छोटा चमचा. आत्तींना मी सांगितलं, तुमचा मध चुकीचा नाही, तारीख चुकीची आहे. पहिल्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः चाटवला.

कापूर. ओवा-कापराची पुरचुंडी झबल्याला बांधतात, छातीला बाम चोळतात. कापूर बाळाच्या पोटात गेला तर झटके येतात, आणि बाळ पुरचुंडी तोंडातच घालणार की. बाम पण २ वर्षांच्या आत नाही, नाकाखाली तर कधीच नाही. नुसत्या भाजलेल्या ओव्याची कोमट पुरचुंडी आत्ती बाळाच्या हाताबाहेर ठेवतात, त्याला मी काही बोलत नाही. घरात सगळ्याच लढाया लढायच्या नसतात.

नाकात तेल. आमच्याकडं अंघोळ घालणारी मावशी कान-नाकात तेल सोडल्याशिवाय पाट सोडायची नाही. तेल फुप्फुसात उतरतं आणि तिथनं निघता निघत नाही, न्यूमोनिया होतो. मावशीला सांगितलं अंगाला किती पण चोळा, नाकाला हात नाही. फुगली आठ दिवस, मग झालं.

धुरी. अंघोळीनंतर शेगडीवर ओवा, वावडिंग, बाळंतशोपा टाकून बाळाला त्यावर धरायचं. वास छान येतो हे खरं, पण धूर तो धूर. आणि ब्रँडी, बोटावर का होईना, नाही. जायफळ जास्त उगाळून झोपवणं पण नाही, ती पण गुंगीच.

केळं, दही, पेरू मात्र उगाच बदनाम आहेत. सहा महिन्यांच्या पुढचं बाळ खात असेल तर खाऊ दे. सहा महिन्यांच्या आत फक्त अंगावरचं दूध, गरम पाणी पण नाही, खोकल्यात थोडं थोडं पण सारखं पाजायचं, त्यानंच कफ पातळ होतो. मोठ्याला कोमट पाणी, वरणाचं पाणी, सूप. ढासेबरोबर एखादी उलटी झाली आणि त्यात चिकट कफ पडला तर घाबरू नका, बाळाला उलट मोकळं वाटतं.

घर आणि अंथरूण

कोल्हापूरचं घर म्हणजे जून ते सप्टेंबर ओल. भिंतीला बुरशी, आणि आतल्या खोलीत दोरीवर लंगोट वाळत घातलेले. दोरी बाळाच्या खोलीतनं हलवा, बुरशी पुसून काढा, कपाट भिंतीपासून चार बोटं लांब. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी ज्यांच्या घरात आलं त्यांना माहितीय, पाणी उतरल्यावर पण किती दिवस भिंती ओल सोडत नाहीत, अशा खोलीत बाळ झोपवू नका. मग ऊसाचा हंगाम, पाचट पेटवलं की संध्याकाळी अख्ख्या गावावर धूर, तेव्हा वाऱ्याकडच्या खिडक्या बंद. डासांची कॉइल, अगरबत्ती, धूप झोपायच्या खोलीत नको, मच्छरदाणी लावा. घरात कुणी सिगारेट-बिडी ओढत असेल तर बाहेर जाऊन ओढली तरी शर्टाला धूर चिकटतो, शर्ट बदलूनच बाळाला घ्यायचं.

वाफ. बाळाला भांड्यावर धरून वाफ देऊ नका, भाजलेल्या मुलांच्या गोष्टी प्रत्येक दवाखान्यात आहेत. आणि बाथरूमचं दार लावून गॅस गिझर चालू ठेवून वाफेत बसायचं तर कदापि नाही, बंद जागेत गॅस गिझरमुळं कार्बन मोनॉक्साईड साठतो, त्याला वास नसतो, माणूस जागेवर जातो. नेब्युलायझर घरी असला तरी त्यात औषध डॉक्टर सांगतील तेच आणि सांगतील तेव्हाच.

झोपवताना डोक्याखाली उशी देऊन उंच करायचा मोह होतो. १ वर्षाच्या आत नको. मान पुढं वाकून उलट नळी दबते, बाळ घसरतं. सपाट, जरा कडक गादी, पाठीवर. फारच नाक चोंदलं असेल तर तुम्ही जागे राहून खांद्यावर उभं घ्या, दोघांनी पाळ्या लावा, आमच्याकडं बारा ते तीन मी आणि तीन ते सहा हे. सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डोळा लागू देऊ नका. स्वेटरवर स्वेटर पण घालू नका, मान गरम-घामेजली लागली तर एक थर काढा.

कधी उठून निघायचं

श्वास वरच्या आकड्यांच्या पुढं, बरगडीखाली खड्डा, कण्हणं, ओठ-जीभ निळसर किंवा राखाडी, मध्येच श्वास थांबणं, बाळ उठवून उठत नाही, नेहमीच्या निम्म्यापेक्षा कमी दूध, सहा-आठ तासांत लंगोट कोरडा, झटका. ह्यातलं एक जरी असेल तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ फुकट आहे. कोल्हापूर शहरात दसरा चौकाजवळ सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय आहे. गगनबावडा, पन्हाळ्याच्या वरच्या वाड्यांवर राहत असाल तर रस्त्याचा वेळ धरून जरा आधीच निघा, पावसात घाटातलं काही सांगता येत नाही. मोठ्यांचा बोटाला लावायचा ऑक्सिमीटर बाळाच्या बोटाला नीट बसत नाही, तो ९७ दाखवतोय म्हणून घरी थांबू नका.

हे काही नसेल, बाळ हसतंय, पितंय, तर साधा सर्दीचा खोकला पण सहज दोन-तीन आठवडे चालतो, पहिल्या दोन वर्षांत वर्षाला सहा-आठ सर्द्या होतात, एक संपते न संपते तोवर दुसरी, म्हणून 'ह्याचा खोकला कधी जातच नाही' असं वाटतं. तरी दोन आठवड्यांच्या पुढं गेला, वजन उतरलं, संध्याकाळचा ताप येतोय किंवा घरात कुणाला टीबी झालाय तर तपासून घ्या. दर सर्दीत रात्री शिट्टी वाजत असेल, घरात दमा असेल, तर ते पण सांगा.

लसीचं कार्ड काढून बघा. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या पेंटामध्ये डांग्या खोकल्याची लस आहे, न्यूमोनियाची पीसीव्ही ६ आणि १४ आठवड्यांना आणि तिसरी ९ महिन्यांना, सरकारी दवाखान्यात मोफत. सर्दी होती म्हणून लस चुकली असेल तर तशीच राहून जाते, आमच्या थोरल्याची पीसीव्ही दोन महिने राहिलेली, अंगणवाडीच्या ताईंनी कार्ड बघून पकडलं.

काल रात्री धाकटी परत खोकत होती. दीड वर्षाची झालीय आता. मी लाईट लावायच्या आधीच आत्ती तिच्याजवळ बसलेल्या, झबलं वर केलेलं, तोंडानं मोजतायत, "अठ्ठावीस, एकोणतीस... थांब गं, बोलू नको, चुकतंय माझं." बत्तीस निघाले. मग अर्धा चमचा मध.